सीएनसीवर लाकडी पाटी: रंग आधी ठरवा, कोरणं मग

घराच्या दारावरची लाकडी पाटी सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनवर, करायची ठरली की नवखा माणूस पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारतो. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) किती वॉटचा, बिट (कापणारं पातं) कुठला, स्पीड किती. रंगाची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते. माझा सल्ला उलटा आहे. रंग कसा भरणार ते आधी ठरवा, कारण अक्षराची जाडी, बिटचा कोन आणि कामाचा क्रम ही तिन्ही त्यावरच ठरतात. मशीन फार तर तास-दोन तास चालतं. वाळवणं, घासणं आणि पुन्हा वाळवणं यात आठवडा-दीड आठवडा जातो.

पुढे सगळीकडे एकच पाटी डोळ्यांसमोर ठेवू. ४५० बाय १५० मिलिमीटरची, १८ मिलिमीटर जाड सागवानाची. मधोमध ठळक अक्षरांत 'श्रमसाफल्य', खाली बारीक अक्षरांत आडनाव आणि टेनामेंटचा (सोसायटीतल्या घराचा) नंबर. बडोद्यात मराठी घरांवर असली नावं हमखास दिसतात, आणि पुष्कळांना त्याखाली गुजरातीतही नाव हवं असतं. त्याकडेही येऊच.

मशीन स्वतःचं असलंच पाहिजे असं मुळीच नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला किंवा ओळखीच्या प्लायवूडवाल्यामार्फत एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) जाळ्या कापून देणारे जॉबवर्कवाले सापडतात. फक्त त्यांचं रोजचं काम आरपार कापण्याचं. कोरीव अक्षर आणि त्यात रंग म्हटलं की फाइल, बिट आणि खोली तुम्हालाच नीट सांगता आली पाहिजे. म्हणजे मशीन तुमचं असो वा दुसऱ्याचं, खालचा बराचसा भाग तुमच्याच गळ्यात.

रंगाच्या दोन रीती

पहिली रीत: पाटीची दर्शनी बाजू आधी पूर्ण रंगवायची, त्यावर व्हायनिल (प्लास्टिकचा चिकट कागद) चिकटवायचं, व्हायनिलसकट अक्षरं कोरायची, खाचेत दुसरा रंग भरायचा आणि व्हायनिल सोलून काढायचं. दुसरी रीत: कोऱ्या लाकडात अक्षरं कोरायची, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) मारायचा, खाचेत रंग भरताना बाहेर सांडला तर सांडू द्यायचा, वाळला की सगळी दर्शनी बाजू घासून काढायची. खाचेत रंग उरतो, वर स्वच्छ लाकूड दिसतं.

लाकडाचे रेषे दिसायला हवे असतील तर दुसरीला पर्याय नाही. पण तिची किंमत अक्षराला मोजावी लागते. व्ही आकाराची खाच वर रुंद आणि खाली निमुळती असते; वरून लाकूड घासलं की अक्षर बारीक होतं. दर्शनी बाजूवरून ०.३ मिलिमीटर गेलं तर ९० अंशाच्या बिटने कोरलेली रेघ ०.६ मिलिमीटरने अरुंद होते, ६० अंशाच्या बिटची सुमारे ०.३५ ने. ठळक 'श्रमसाफल्य'ला याचं काही वाटत नाही. खालच्या ओळीतल्या १.२ मिलिमीटरच्या काना-मात्रा मात्र ९० अंशाच्या बिटने कोरल्या असतील तर निम्म्या उरतील, आणि अनुस्वार घासकागदाबरोबर निघूनही जाईल. म्हणून दुसरी रीत घेणार असाल तर बारीक ओळ आधीच थोडी जाड काढा आणि ती ६० किंवा ३० अंशाच्या बिटने कोरा.

पहिल्यांदाच करणाऱ्याने व्हायनिलची रीत घ्यावी असं मी सांगतो. वेळ जास्त लागतो, पण शेवटी घासायचं नसतं, आणि बिघडलं तरी सहसा एखाद्या अक्षरापुरतंच बिघडतं. पुढचं सगळं याच रीतीने आहे.

लाकूड

सागवान महाग, पण दारावरच्या पाटीसाठी पैसे वसूल. कडा स्वच्छ कापली जाते, उन्हापावसाला दाद देत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. सागात तेल असतं, त्यामुळे प्राइमरच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच रंगवायचं. आणि सागात सिलिका असल्याने बिट लवकर बोथट होतो. कार्बाइडचाच बिट घ्या. पाइन स्वस्त आणि हलकं आहे, पण खाचेच्या कडांना तंतू उभे राहतात आणि गाठ मध्ये आली की रंग तिथे वेगळाच दिसतो. घरात लावायची पाटी असेल तर एमडीएफ सरावाला उत्तम. बाहेर नको, पाणी लागलं की कडा फुगतात. प्लायवूडमध्ये व्ही खाच कोरू नका. प्रत्येक थर वेगळ्या दिशेचा असल्याने कड फाटते आणि खाचेच्या भिंतीवर थरांचे पट्टे दिसतात.

वखारीत (इथल्या गुजराती मंडळींची 'लाती') फळी घेताना ती डोळ्यासमोर आडवी धरून लांबीवर नजर टाका. पीळ असलेली फळी परत ठेवा. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर १२ टक्क्यांच्या आतली फळी निवडा. पावसाळ्यात आणलेली फळी पंधरा दिवस घरातच, दोन पट्ट्यांवर आडवी, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवलेली बरी. रेषे पाटीच्या लांबीच्या दिशेने घ्या.

अक्षर

खरं काम इथे आहे, आणि देवनागरीची पाटी बिघडते तीही बहुतेक इथेच.

पहिली अडचण जोडाक्षरांची. बरीच सीएनसी सॉफ्टवेअर रोमन अक्षरं नीट लिहितात. देवनागरी टाइप केली की 'श्र' सुटतो, 'ल्य'चा पाय मोडून 'ल्‌य' होतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. म्हणून नाव तिथे टाइपच करू नका. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी व्यवस्थित जुळवतं. तिथे नाव लिहा, आकार ठरवा, मग 'पाथ' मेनूमधून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. आता ते टाइप केलेलं अक्षर राहिलं नाही, नुसत्या बाह्यरेषा झाल्या. दुसऱ्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची, आणि ती पडद्यावर दिसत नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतःची शिरोरेषा असते आणि ती शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर काळ्यावर काळं, सलग दिसतं. कोरणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र त्या एकमेकांवर चढलेल्या दोन वेगळ्या आकृत्या वाटतात. सामाईक तुकडा ते कोरतच नाही, किंवा दोन्हीकडून निमुळता करत आणतं. पाटी हातात येते तेव्हा शिरोरेषेवर अक्षरागणिक एकेक उभा उंचवटा असतो. उपाय सोपा आहे: गट सुटा करा, सगळी अक्षरं निवडा आणि 'पाथ' मेनूतलं 'युनियन' करा. मग दृश्य 'आउटलाइन'वर नेऊन बघा. शिरोरेषेची वरची कड 'श्र'पासून 'ल्य'पर्यंत एकच सरळ रेघ दिसली पाहिजे, मध्ये कुठेही आडवं-उभं काही नको. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही टाळा, शिरोरेषा तुटते.

फॉन्ट निवडताना बारीक-जाड रेघांचा डौल पडद्यावर छान वाटतो, लाकडात बारीक रेघ उथळ होऊन हरवते. सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि पाटीला शोभतात. त्यांच्याच मोदकसारखा गुबगुबीत फॉन्ट कोरायला मात्र जड जातो, कारण आतल्या फटी फारच अरुंद असतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, ते आधीच बघा. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडल्यावरच ती वळणं येतात. या नावात 'श' पहिलाच आहे आणि 'ल' जोडाक्षरात. हिंदी वळणाचे आले तर आजोबा दारातच पकडतील.

गुजराती ओळ हवी असेल तर जोडीचे फॉन्ट आहेत: मुक्ताला मुक्ता वाणी, बलूला बलू भाई. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने तीच उंची ठेवली तरी ओळ लहान आणि मोकळी वाटते. ती मापाने जुळवू नका, नजरेने जुळवा, थोडी मोठी ठेवून. कोरायला ती सोपी, कारण प्रत्येक अक्षर सुटं असतं.

शेवटी एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइल काढा, आणि कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर सर्वात आधी नावाची रुंदी मोजा. मिलिमीटर-इंचाच्या गोंधळात आकृती लहानमोठी होऊन येण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

बिट आणि खोली

व्ही कोरीव कामात खोली आपण वेगळी सांगत नाही. रेघेच्या रुंदीवरून सॉफ्टवेअर ती काढतं. हिशेब असा: रुंदीच्या निम्म्याला बिटच्या निम्म्या कोनाच्या टॅनने भागायचं. १० मिलिमीटर रुंद रेघ ९० अंशाच्या बिटने ५ मिलिमीटर खोल जाते, ६० अंशाच्या बिटने ८.७.

यात देवनागरीची एक खुबी आहे. आपल्या नावातल्या 'म', 'स' आणि कान्याचे उभे दंड शिरोरेषेला मिळतात. दंड आणि शिरोरेषा दोन्ही ९ मिलिमीटर जाड असतील तर त्या सांध्यात मावणारं वर्तुळ ९ चं नसतं, साधारण ११.२५ मिलिमीटरचं असतं. ६० अंशाचा बिट तिथे ९.७ मिलिमीटर खोल उतरतो, म्हणजे १८ मिलिमीटरच्या फळीत निम्म्याहून खाली. त्या खोल खड्ड्यात रंग साचतो, वाळत नाही, आणि प्रत्येक दंडाच्या डोक्याशी एक काळा ठिपका दिसतो. ९० अंशाच्या बिटने तीच जागा ५.६ वर थांबते. म्हणून ठळक नावाला ९० अंश, बारीक ओळीला ६०. बिटचा व्यास नावातल्या सगळ्यात रुंद जागेपेक्षा मोठा हवा. इथे अर्ध्या इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा चालेल.

पाटीची बाहेरची कड कापायला ६ मिलिमीटरचा एंड मिल (सरळ धारेचा बिट) घ्या, एका फेरीत ३ मिलिमीटरच्या वर खोली नको, आणि शेवटच्या फेरीत पाटी सुटून उडू नये म्हणून चार-पाच टॅब (न कापलेले छोटे पूल) ठेवा. ६ मिलिमीटर आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर यांच्या दांड्या डोळ्याला सारख्याच दिसतात. कोलेट (बिट धरणारी पकड) ज्या मापाचं त्याच मापाचा बिट लावा.

स्पीडचा अंदाज: बिटचे मिनिटाला फेरे गुणिले बिटच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा तुकडा. १८,००० फेरे, २ धारा, ०.०५ मिलिमीटर: मिनिटाला १,८०० मिलिमीटर. हे भक्कम मशीनसाठी. टेबलावरच्या छोट्या मशीनला एवढं झेपत नाही; फीड (बिट पुढे सरकायचा हा वेग) ४००–५०० वर ठेवा आणि खोली दोन-तीन फेऱ्यांत विभागा. पण फीड फार कमी करून फेरे तसेच ठेवले तर बिट कापण्याऐवजी घासतो आणि लाकूड करपतं. जळका वास आला की थांबा.

आधीचा रंग आणि व्हायनिल

फळी १२०, १८०, २२० नंबरच्या घासकागदाने क्रमाने, रेषांच्या दिशेने. मग थिनरचं फडकं, वूड प्राइमरचे दोन हात, मध्ये ३२० ने हलकी घासणी. त्यावर पार्श्वभूमीच्या ऑइल पेंटचे दोन पातळ हात. मागची बाजूही रंगवा. एकच बाजू बंद केली तर दुसरी बाजू पावसाळ्यात ओलावा पिते आणि पाटी वाकते.

आता धीर. ऑइल पेंट संध्याकाळपर्यंत हाताला वाळतो, पण आतून नाही. चार-पाच दिवस तरी द्या, पावसाळ्यात दुप्पट. नखाने दाबून खूण पडत असेल तर व्हायनिल लावू नका, सोलताना ते रंगही घेऊन येईल. साइनबोर्डवाल्यांकडचं साधं व्हायनिल चालतं. एका कडेपासून सुरू करून जुन्या एटीएम कार्डाने दाबत जा. एक कोपरा उघडा सोडा, तिथे झेड शून्य (बिटच्या वर-खाली हालचालीचा शून्यबिंदू) घ्यायचं आहे.

मशीनवर

टेबलावरचं बळीचं एमडीएफ (बिट आरपार गेला तर टेबलाऐवजी कापलं जाणारं) सपाट आहे का ते आधी बघा. व्ही कोरीव कामात फळी अर्धा मिलिमीटर उंचसखल असली तरी ९० अंशाच्या बिटची रेघ एका टोकाला १ मिलिमीटरने जाड येते. नाव डावीकडे ठळक आणि उजवीकडे बारीक होतं ते यामुळेच. फळी क्लॅम्पने धरा आणि क्लॅम्प बिटच्या वाटेत येत नाहीत ना, ते मशीन हाताने चालवून तपासा.

एक्स-वायचं शून्य डाव्या खालच्या कोपऱ्यावर, झेडचं फळीच्या माथ्यावर, त्या उघड्या कोपऱ्यात. बिट बदलला की झेड पुन्हा घ्यायचं. हे विसरलं तर पुढचा बिट एकतर हवेत फिरतो किंवा टेबलात घुसतो. पहिली धाव झेड १० मिलिमीटर वर ठेवून हवेतच करा.

डोळ्यांवर गॉगल, तोंडावर एन-९५ मास्क, कानाला संरक्षण. हातमोजे नकोत, ओढणी आणि सैल बाह्या नकोत. मशीन चालू असताना चहाला जाऊ नका. बोथट बिट आणि साठलेला भुसा यांची आग लागते.

मुख्य नाव कोरून झालं की बिट न काढता, शून्य न बदलता तोच प्रोग्राम पुन्हा एकदा चालवा. पहिल्या फेरीत उभे राहिलेले तंतू दुसऱ्या फेरीत कापले जातात आणि खाचेची भिंत गुळगुळीत होते. दहा मिनिटांचा खर्च, घासकागदाची तासाभराची कटकट वाचते.

खाचेतला रंग

भुसा कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, ओलं फडकं लावू नका. आता 'फ'च्या पोटात आणि 'स'च्या गाठीत उरलेले व्हायनिलचे बारके तुकडे बघा. कोरताना त्यांच्या कडा उचलल्या गेलेल्या असतात. एकेक बोटाने दाबा. एखादा उडालाच असेल तर ती जागा मास्किंग टेप कापून झाका.

खाचेत पहिला हात अक्षराच्या रंगाचा देऊ नका, पार्श्वभूमीच्याच रंगाचा द्या. व्हायनिलच्या कडेखाली जे काही झिरपायचं ते याच रंगाचं झिरपतं, म्हणजे दिसत नाही, आणि फट बुजते. शिवाय कोरं लाकूड बंद होऊन रेष्यांमधून रंग पसरायचा थांबतो. हा हात वाळला की मग अक्षराचा रंग, दोन-तीन पातळ हात. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. खाचेच्या तळाशी ओघळ जमला तर लगेच ब्रशच्या टोकाने उचला.

सोनेरी रंग हवा असेल तर खाली एक हात पिवळा द्या. सोनेरीत धातूची पूड असते, ती एकट्याने लाकूड झाकत नाही. डबाही सारखा ढवळत राहायचा, नाहीतर पूड तळाशी बसते. बडोद्यात मरूनवर सोनेरी चटकन पसंत पडतं. संखेड्याच्या फर्निचरने डोळ्याला ती सवय लावली असावी.

शेवटचा हात हाताला चिकटत नाही पण पुरता कडकही झाला नाही, अशा वेळी व्हायनिल सोला. कोपरा उचलून स्वतःवरच दुमडत, सावकाश. सरळ वर ओढलं तर कड तुटते. फार उशीर झाला असेल तर आधी कटरचं पातं कडेने हलकं फिरवा. पोटातले तुकडे सुईने उचला.

वर संरक्षक थर देणार असाल तर एक पथ्य: ऑइल पेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नका. त्याचा थिनर खालच्या रंगाला सुरकुत्या पाडतो. बाहेरच्या पाटीला चांगला ऑइल पेंट पुरेसा असतो. रंगातलं पिग्मेंट लाकडाला उन्हापासून वाचवतं. पारदर्शक वॉर्निशला ते जमत नाही. लाकूड दिसेल अशी पाटी बाहेर लावायची असेल तर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशच घ्या आणि दर एक-दोन वर्षांनी हात द्यायची तयारी ठेवा.

लावताना

दोन टोकांना दोन भोकं. एक गोल, दुसरं आडवं लांबट, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि पाटी व भिंत यांच्यामध्ये ५–६ मिलिमीटर जाडीचे वॉशर, मागून हवा खेळली पाहिजे. भोकांच्या आतही ब्रशने रंग घाला. पाटीच्या दोन्ही आखूड कडांना, जिथे रेषे तोंड उघडतात, एक हात जास्त द्या. पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं. दिवाळीच्या साफसफाईत त्याच कडा बघा, रंग तडकला असेल तर ३२० चा कागद फिरवून तेवढ्यालाच हात मारा. त्यासाठी दोन्ही रंगांचे उरलेले डबे झाकण घट्ट लावून, वर रंगाचा नंबर लिहून ठेवा.